पाठ दाखवा!

भिवंडीच्या मंडईत भाजी घेताना एखादा सत्तरी ओलांडलेला गृहस्थ तुमच्या तोंडाकडे न बघता पट्ट्याच्या बकलाकडे टक लावून बघत असेल, तर पाकीट सांभाळायची गरज नाही. ते आमचे बिल्लेनाना. बकल पितळी आहे हे त्यांना लांबूनच कळलेलं असतं. ते ओतीव आहे की ठोकीव, हे कळेपर्यंत ते तुम्हाला भेंडी निवडू देत नाहीत. खात्री पटली की "ठोकीव. चालू माल," असं पुटपुटून ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या कमरेकडे वळतात. आपल्या बकलाबद्दल कुणी असं बोललेलं कुणालाच आवडत नाही. पण भांडायला जावं तर नाना खिशातून भिंग काढतात, आणि माणसं आजूबाजूला जमतात. त्यापेक्षा भेंडी घेऊन निघालेलं बरं.

नानांचं खरं आडनाव कासार आळीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही. उमेदीची सगळी वर्षं ते एसटीत कंडक्टर होते. वाडा, शहापूर, मुरबाड, कधीमधी नाशिक. खिशावर पितळी बिल्ला, आणि समोरचा माणूस तिकीट काढणार की झोपेचं सोंग घेणार, हे त्याच्या बसण्यावरून ओळखणारी नजर. निवृत्त झाल्यावर बिल्ला उतरला, नजर तशीच राहिली. तिला काहीतरी काम हवं म्हणून नानांनी छंद धरला तो ब्रिटिश पलटणींच्या बिल्ल्यांचा. टोपीवरचे, खांद्यावरचे, पट्ट्यावरचे. त्यातही जे बर्मिंगहॅमच्या कारखान्यात न बनता इथल्या बाजारात, इथल्या तांबटा-ओताऱ्यांच्या हातून बनले, ते ओळखून काढायचे. पलटणींचे बिल्ले जमवणारे जगात पुष्कळ आहेत, पण बहुतेकांना विलायती हवे असतात. देशी निघाला की ते नाक मुरडतात. नानांचं बरोबर उलटं आहे. विलायती बिल्ला त्यांना आवडत नाही असं नाही. "पण त्याच्याशी गप्पा काय मारणार? एक पाहिला की हजार पाहिले," असं त्यांचं म्हणणं.

एसटीची तिकिटांची पेटी नोकरीबरोबर डेपोत जमा झाली. नानांनी तशीच कप्प्याकप्प्यांची पेटी सुताराकडून करून घेतली आणि तिच्यात बिल्ले मांडले. वर्गवारीही कंडक्टरचीच. पहिला तिकीटवाला, म्हणजे इंग्लंडात बनून आलेला. दुसरा पासवाला, म्हणजे इथे बनलेला. हातात तिकीट नाही, पण बसायचा हक्क पुरा. आणि तिसरा फुकट्या, म्हणजे परवा बनून शंभर वर्षांचं वय सांगणारा. "पासवाल्याला फुकट्या समजून उतरवायचं नाही, आणि फुकट्याला पासवाला समजून बसू द्यायचं नाही. एवढंच शास्त्र आहे," नाना सांगतात. निकाल तोंडाने क्वचितच देतात. बोटातल्या अंगठीने पेटीच्या पितळी कोपऱ्यावर वाजवतात. एक टिंग म्हणजे थांबवा, दोन टिंग म्हणजे जाऊ द्या.

नानांकडे कुणी बिल्ला घेऊन आलं की तो कौतुकाने त्याची पुढची बाजू दाखवतो. मुकुट बघा, सिंह बघा, लॅटिन बघा. नाना डोळे मिटतात. "तोंड सगळेच चांगलं करून येतात. पाठ दाखवा." लढाईत शिपायाने पाठ दाखवू नये, पण त्याच्या बिल्ल्याने दाखवलीच पाहिजे, हे नानांच्या शास्त्राचं पहिलं कलम. आणि ते अगदी खरं आहे. कारखान्यात धातूचा पत्रा दोन पोलादी ठशांमध्ये दाबतात. समोर जेवढा उंचवटा, मागे तेवढाच खळगा. सिंहाचं नाक पुढे आलं की पाठीत नाकाचा खड्डा. पत्रा पातळ, रेघा धारदार. आपल्याकडे पाच-पन्नास बिल्ल्यांसाठी पोलादी ठसा कोण कोरत बसणार? हाताशी असलेला एक बिल्ला बारीक ओल्या मातीत दाबायचा, त्याचा साचा धरायचा आणि पितळ ओतायचं. त्यामुळे पाठ भरीव निघते, तिच्यावर वाळूचा कण उमटलेला असतो, आणि वजन हाताला लागतं. कडेला कानशीचे ओरखडे. सिंहाच्या पायांमधली जागा बारीक करवतीने कापून काढलेली, आणि जिथे कारागिराला जेवायची हाक आली असेल तिथे तशीच भरलेली. मागच्या दोन कड्या तांब्याची तार हाताने वळवून डाग दिलेल्या. एक थोरली, एक धाकटी, बुडाशी डागाचा ओघळ.

पितळ थंड होताना आकसतं, शेकडा दीडच्या आसपास. म्हणजे बिल्ल्यावरून ओतलेला बिल्ला मुळापेक्षा केसभर लहान. त्या लहानावरून पुन्हा ओतला की आणखी लहान. नानांकडे एकाच पलटणीचे तीन बिल्ले आहेत. ते व्हर्नियर लावून रुंदी मोजतात आणि ओळख करून देतात, "हे वडील. हा मुलगा. हा नातू. चेहरा बघा, पिढीगणिक बुजत गेलाय."

ओतण्याच्या भानगडीत न पडता पत्राच कापून ज्यांनी हाताने अक्षरं कोरली, त्यांचे बिल्ले तर नानांचे जीव की प्राण. कोरणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नसे. तो अक्षर हे चित्र म्हणून काढी. एखादा 'एन' उलटा, एखादा 'एस' आरशात बघितलेला. विलायती मालावर हे दिसलं असतं तर कारखान्याच्या तपासनिसाने बिल्ला भट्टीत फेकला असता. इथे तो कुण्या गोऱ्या सार्जंटच्या टोपीवर रुबाबात परेड करून आला. "सार्जंटला तरी कुठे वाचता येत होतं!" हा नानांचा शेरा सगळ्याच सार्जंटांवर अन्याय करणारा आहे, पण उलटा 'एन' दिसला की ते असे बहकतात.

आता साहेबाला इथे बिल्ले बनवून घ्यायची वेळ का यावी, हा प्रश्न नवखा माणूस विचारतोच. माल बोटीने यायचा, सावकाश यायचा. इकडच्या उन्हासाठी डोक्यावर जाड हॅट, तिच्याभोवती पागोट्याची पट्टी, त्या पट्टीवर लावायचा बिल्ला घरच्या टोपीपेक्षा वेगळा. खांद्यावरची पितळी अक्षरं वेगळी. हरवलं, मोडलं, बदली माणसं आली, की छावणीच्या बाजारात शिंपी होता, मोची होता, पितळेचं काम करणाराही होता. तो सांगेल त्या वेळेत आणि निम्म्या किमतीत काम करून देई. "निम्म्या किमतीत" ही नानांची भर. पुरावा मागू नये. शिवाय व्हॉलंटियर पलटणी होत्या. जीआयपी रेल्वेचे गोरे आणि अँग्लो-इंडियन नोकर आठवडाभर इंजिनं हाकायचे आणि फावल्या वेळात बंदूक खांद्यावर घ्यायचे. १९२० नंतर हे सगळे ऑक्झिलरी फोर्स म्हणून एका छत्राखाली आले. कल्याण जंक्शन भिवंडीपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे 'जीआयपी' अशी अक्षरं दिसली की नानांना गावकीचा माणूस भेटल्याचा आनंद होतो.

भिवंडीत हे बिल्ले येतात कुठून, तर भंगारातून. गावात १८५७ नंतर उत्तरेतून विणकर आले, हातमाग आले, मग यंत्रमाग. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग भिवंडीने घेतले आणि पुन्हा चालवले. लँकेशायरच्या कारखान्यांची नावं बिडात ओतलेले सांगाडे इथल्या गल्ल्यांत अजून खटखटत आहेत. जुनं विकत घेऊन त्याला कामाला लावायचं हा गावाचा धर्मच. तेव्हा पितळही किलोने येतं. घंगाळं, नळाच्या तोट्या, समयांचे पाय, आणि त्यांच्या तळाशी कधी एखादा बिल्ला. पलीकडे कल्याणला दुसऱ्या महायुद्धात केवढी तरी लष्करी छावणी वसली होती. युद्ध संपलं, छावणी ओस पडली, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये राजगोपालाचारींनी त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर ठेवलं. जाताना गोरे शिपाई खिशातलं जे काही टाकून गेले ते हळूहळू भिवंडीकडे झिरपलं, असा नानांचा सिद्धांत आहे. त्या सिद्धांतावर ते भंगारवाल्या चाचांकडे दर आठवड्याला हजेरी लावतात. चाचा लांबूनच ओरडतात, "आओ नाना, आज अंग्रेज नहीं आया!"

फुकट्या कसा धरायचा, हे नानांनी मला एकदा तब्येतीत समजावलं. हल्ली नवा बिल्ला बनवून नवसागर वगैरे लावून हिरवा-काळा करतात. करणारा हुशार असतो, पण घाईत असतो. तो बिल्ल्याला सगळीकडून सारखाच म्हातारा करतो. खरा बिल्ला असा नसतो. शिपाई रोज सकाळी तो घासायचा, परेडला चकचकीत लागायचा म्हणून. त्यामुळे मुकुटाचं टोक, वाघाचं कपाळ, जे जे वर आलेलं ते गुळगुळीत होऊन जातं. पण पाठ? पाठ घासायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ती काळीच राहते, फक्त कड्यांच्या आतल्या बाजूला टोपीच्या पिनेने घासून चमक आलेली. पुढून झिजलेला आणि मागून काळा, तर दोन टिंग. दोन्हीकडून काळा, तर एक टिंग, आणि आणणाऱ्याला चहाही नाही.

मग मुकुट. व्हिक्टोरिया राणीचा एक, तिच्यानंतर १९०१ पासून राजांचा दुसरा, गोल घुमटाचा. १९५२ मध्ये एलिझाबेथ राणी आली आणि मुकुटाच्या कमानी मधोमध दबल्या. तोवर साहेब इथून गेलेला. तेव्हा एलिझाबेथचा मुकुट घातलेला कुठलाही बिल्ला 'ब्रिटिश इंडियातला' म्हणून समोर आला, की नाना एवढंच विचारतात, "हा गाडी सुटल्यावर कसा चढला?" या एका प्रश्नावर त्यांनी उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याला दुकानातला अख्खा ट्रे आत न्यायला लावला होता. पण काळ कुणालाच सुखाने जगू देत नाही. २०२२ मध्ये चार्ल्स राजे गादीवर आले आणि त्यांनी पुन्हा गोल मुकुट पसंत केला. ही बातमी वाचून नाना दोन दिवस जेवणावर नीट नव्हते. "माझं एक हत्यार काढून घेतलं," म्हणाले. नानी म्हणाल्या, "त्यांना पत्र लिहून कळवा. बदलतील."

आकड्यांचं शास्त्र ते चालता चालता उरकतात. गोऱ्या पायदळाच्या पलटणी १८८१ पर्यंत आकड्याने ओळखल्या जात. मग परगण्यांची नावं लागली. आपल्याकडे आकडे पुढेही राहिले, आणि १९०३ मध्ये किचनरने मुंबईच्या जुन्या पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले. पाचवी होती ती एकशे पाचवी झाली. १९२२ मध्ये पुन्हा मोड-जोड झाली आणि ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन ठरली. तीच 'काळी पाचवी'. बिल्ल्यावर बिगुल आणि आकडा दिसला की नाना बोटांवर बेरीज-वजाबाकी करून साल सांगतात. सुट्या पैशांचा हिशेब वर्षानुवर्षं धावत्या गाडीत केलेल्या माणसाला हे काय अवघड!

मी डोळ्यांनी पाहिलेला नानांचा सर्वांत मोठा पराक्रम मात्र वरातीतला. लग्नसराईचे दिवस, धामणकर नाक्यावर वाहतूक आधीच तुंबलेली, त्यात वरात. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड. नाना आणि मी रस्ता ओलांडत होतो. अचानक नाना थांबले, आणि दोन्ही हात पसरून वरातीच्या मध्ये उभे राहिले. गाणं ऐन रंगात आलेलं. बँडमास्तरांनी हातानेच विनवलं, चाचा, बाजूला व्हा. नानांनी त्यांच्या टोपीकडे बोट करून हुकूम सोडला, "टोपी काढा!"

बँडमास्तरांना वाटलं, हा आरटीओ नाहीतर पोलिसांचा साध्या वेशातला माणूस. त्यांनी टोपी काढून दिली. गाणं कडव्यातच थांबलं. नवरदेवाच्या मामांना वाटलं, मुलीकडचा कुणीतरी रुसलाय. ते समजूत काढायला धावले. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडचा पिऊन आलाय. ते लांबूनच नमस्कार करून मागे झाले. नानांनी टोपी उलटी करून आत हात घातला आणि भिंग लावलं. घोडा, ट्रक, रिक्षा, सगळे थांबलेले. ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले. नाना मला म्हणाले, "पाठ भरीव. तांब्याची तार. बघ, बघ, कानस!" मग त्यांनी झांजवाल्याच्या झांजेवर अंगठीने दोनदा वाजवलं. टिंग, टिंग. बँडला वाटलं इशारा झाला. त्यांनी टोपीविना बँडमास्तरांसह गाणं पुन्हा सुरू केलं.

बिल्ला होता लेस्टरशायर रेजिमेंटचा. वर 'हिंदुस्थान' अशी इंग्रजी अक्षरं, खाली पलटणीचं नाव, मध्ये वाघ. या पलटणीने १८०४ ते १८२३ ही वर्षं इकडे काढली, त्याबद्दल १८२५ मध्ये तिला हा वाघ मिळाला. तिच्या शिपायांना पुढे वाघच म्हणू लागले. विलायती बिल्ल्यावरचा वाघ कसा तब्येतीने भरलेला, पट्टे मोजून घ्यावेत असा. बँडमास्तरांच्या टोपीवरचा बारीक, मान खाली घातलेला, पोट खपाटीला गेलेला. मला तो सरळसरळ ओतण्यातला दोष वाटला. नानांनी मला वेड्यात काढलं. "बर्मिंगहॅमवाल्याने वाघ पुस्तकात पाहिला. आमच्याने वज्रेश्वरीच्या रानात पाहिला असणार. रानातला वाघ असाच असतो. उपाशी."

सौदा मात्र फसला असता. इतक्या जणांसमोर दोन टिंग वाजल्यावर भाव वाढणारच. वरात संपल्यावर बँडमास्तर म्हणाले, "अंग्रेज का माल है तो पाँच हजार." नाना काही बोलले नाहीत. घरी जाऊन पेटीच्या फुकट्यांच्या कप्प्यातून एक नवाकोरा, जाडजूड, सोनेरी, मुकुटसुद्धा असलेला बिल्ला घेऊन आले. "हा घ्या. हा लांबून दिसेल." बँडमास्तरांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि नानांचे हात हातात घेतले. त्या सोनेरी बिल्ल्यामुळे पुढच्या सुपाऱ्या वाढल्याचं ते अजून सांगतात.

असईचं प्रकरण निघालं की नानांचा आवाज जरा खाली येतो. जालना जिल्ह्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३ ला वेलस्लीने तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या दिवशी लढलेल्या चौऱ्याहत्तराव्या हायलँडर्सची माणसं फार पडली. हीच पलटण पुढे हायलँड लाइट इन्फन्ट्रीत गेली, आणि तिच्या बिल्ल्यावर बिगुलाखाली एक हत्ती आणि 'असई' हे नाव कायमचं बसलं. ग्लासगोच्या गल्लीतला पोरगा भरती झाला की जालन्यातल्या एका खेड्याचं नाव कपाळावर घेऊन हिंडायचा. नानांकडे त्या बिल्ल्याचा देशी अवतार आहे. ओतीव, हत्तीचे कान जरा मोठेच. तो हातात घेऊन मी म्हणालो, "म्हणजे आपण हरलो त्याचा बिल्ला आपल्याच माणसाने ओतला!" नानांनी तो काढून घेतला, पुसला, कप्प्यात ठेवला. "त्याने मजुरी घेतली की नाही? मग झालं. इतिहास त्याच्याकडे दुरुस्तीला आला नव्हता. बिल्ला आला होता." यावर मला उत्तर सुचलं नाही.

नानांचा धर्मग्रंथ म्हणजे किपलिंग आणि किंग यांचं ब्रिटिश सैन्याच्या टोप्यांवरच्या बिल्ल्यांवरचं पुस्तक. जगभरचे संग्राहक त्यातले क्रमांक सांगूनच एकमेकांशी बोलतात. आळीतल्या एका कॉलेजकुमाराने, "नाना, हाच ना तो मोगलीवाला?" असं विचारलं, तेव्हा नानांनी त्याला खाली बसवून समजावलं की मोगलीवाला रडयार्ड १८६५ साली आपल्या मुंबईत जन्मला हे खरं, पण हा तो नव्हे, हा आर्थर. मुलगा गेल्यावर मला म्हणाले, "किपलिंग तोच असता तर बरं झालं असतं. जंगल मला ठाऊक आहे, क्रमांक पाठ होत नाहीत."

पुण्याहून एकदा एक संग्राहक आले होते. कॅम्पातले, पांढरे हातमोजे घातलेले, गाडीतून. त्यांच्या संग्रहात फक्त ठोकीव विलायती माल; पाठीवर जे. आर. गाँट वगैरे मोठ्या कारखान्यांची नावं. नानांची पेटी वरवर चाळून ते म्हणाले, "बाजारू काम आहे हो हे सगळं." नानी पाणी घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या, आता पेटी आपटली जाणार असं त्यांना वाटलं. नानांनी दोन बिल्ले काढून त्यांच्यासमोर पालथे ठेवले. दोन वेगळ्या पलटणींचे. एकावर सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीचा 'जलालाबाद' आणि बिगुल. हीच पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला गेटवे ऑफ इंडियातून बाहेर पडली, इथून निघालेली शेवटची गोरी पलटण. दुसरा रेल्वेच्या व्हॉलंटियरांचा. "कडा बघा," नाना म्हणाले. "कानशीचे ओरखडे दोन्हीकडे उलट्या बाजूला कललेत. बाकी सगळ्या बिल्ल्यांवर इकडे, या दोघांवर तिकडे. डावखुरा होता. एकच माणूस. गाँटसाहेबाने नाव टाकलं, याने हात टाकला."

दोन बिल्ल्यांवरून एका माणसाचा डावा हात सिद्ध होतो का? मला शंका आहे, आणि ती मी नानांनाही सांगितली आहे. पण पुणेकरांनी हातमोजे काढले, भिंग मागून घेतलं आणि चहा गार होईपर्यंत मान वर केली नाही. मग विचारलं, "एक देणार का?" नाना म्हणाले, "पासवाल्याला मधल्या थांब्यावर उतरवत नाही."

एवढं सांगून थांबलो तर ही श्रद्धांजली होईल, आणि नाना चांगले ठणठणीत आहेत. तेव्हा दोषही सांगतो. नानांना जगातली प्रत्येक पितळी चकती पलटणीची वाटते. नगरपालिकेचा सायकलच्या कराचा जुना बिल्ला त्यांनी कितीतरी दिवस 'सायकलस्वार पलटण' म्हणून जपला होता. हमालाचा बिल्ला सापडला तेव्हा तर आळीतल्या पोरांनी त्यांना 'दीवार'मधला ७८६ नंबरचा बिल्ला शोधायच्या कामाला लावलं, आणि नाना खरोखरच त्या दिवशी गोदीचे बिल्ले कसे असत याची चौकशी करत हिंडले. निजामपुऱ्यात बकरी ईदच्या आधी एका बोकडाच्या गळ्यातल्या पट्ट्यावर त्यांना खांद्यावरची पितळी अक्षरं दिसली. नाना त्या बोकडामागे तीन गल्ल्या गेले. मालकाने समजूतदारपणे ईदनंतर पट्टा घरी पाठवून दिला, सोबत डबाही. अक्षरं गेल्या वर्षीच्या पट्ट्याच्या कंपनीची निघाली. डबा उत्तम होता.

आणि एक बिल्ला गेला तो नानींच्या हातून. दिवाळीच्या आवराआवरीत त्यांना तो काळवंडलेला दिसला, त्यांनी देवांच्या उपकरण्यांबरोबर त्यालाही चिंच-मीठ लावून लखलखीत केला आणि कौतुकाने ताटात ठेवला. शंभर वर्षांची काळी पाठ पाच मिनिटांत सोन्यासारखी. नाना बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग उठून तो फुकट्यांच्या कप्प्यात ठेवला. रागावले नाहीत. "खरा आहे हे मला माहीत आहे, पण आता त्याला ते सिद्ध करता येणार नाही," एवढंच म्हणाले.

तेव्हा एक विनंती. आजोबांच्या ट्रंकेत, पणजीच्या फडताळात, भंगाराला काढलेल्या डब्यात एखादा पितळी बिल्ला सापडला, तर त्याला चिंच, लिंबू, राख काहीही लावू नका. नुसता पालथा करा. पाठ भरीव आणि काळी असेल, कड्या तांब्याच्या आणि वेड्यावाकड्या असतील, तर भिवंडीला कासार आळीत घेऊन या आणि नाना कुठे राहतात ते विचारा. किंमत मात्र त्यांना विचारू नका. तो कुठे बसला आणि कुठवर आला, तेवढंच ते सांगतात.